होलसेल दुकानाचं कार्ड घरच्या किराण्यासाठी काढावं का? सोलापूरच्या एका ताईंच्या प्रश्नाला उत्तर

जुळे सोलापुरातल्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात सांगतो. मुलाकडे अमेरिकेत काही महिने राहताना त्या दर आठवड्याला कॉस्टको या सभासदांच्या होलसेल दुकानात जायच्या. मोठाली पाकिटं, स्वस्त माल, परत न्यायला गेलं तर हसतमुखाने पैसे परत. इथे आल्यावर त्यांनी शेजारच्या किराणावाल्याचं होलसेल दुकानाचं सभासद कार्ड मागून घेतलं आणि घरची गाडी काढून पुण्याला जाऊन महिन्याचा किराणा भरला. पहिली खेप उत्तम गेली. दुसऱ्या खेपेला तांदळाच्या बंद कट्ट्यात तीन आठवड्यांत पोरकिडे निघाले आणि तेलाचा डबा खालच्या कडेला पिचकून झिरपत होता. दुकानाने सांगितलं, कार्ड ज्यांच्या नावाचं आहे त्यांना पाठवा, आणि तसंही खायचा माल परत घेत नाही. ताई विचारतात, चूक आमची की दुकानाची? आणि असं कार्ड स्वतःच्या नावावर काढावं का? त्या आणि त्यांच्या दोघी मैत्रिणी शेंगा चटणी आणि कडक भाकरीच्या ऑर्डरी घेतात, हेही त्यांनी जाता जाता लिहिलंय. माझ्या मते प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे. तिच्याकडे शेवटी येतो.

मी अशा सभासदांच्या होलसेल दुकानात आधी कार्डाच्या काउंटरवर आणि मग फ्लोअरवर बरीच वर्षं काम केलं. आता सोलापुरात मेस, हॉस्टेल आणि केटरिंगवाल्यांना माल पुरवतो. म्हणजे काउंटरच्या दोन्ही बाजू पाहिल्यात.

ताई, तिथलं दुकान आणि इथलं दुकान बाहेरून सारखं दिसतं, पण दोघांचा धंदा वेगळा आहे. तुमचा सगळा घोळ इथूनच सुरू झाला.

अमेरिकेत ही कल्पना १९७६ साली सॅन दिएगोत सोल प्राइस यांनी प्राइस क्लब या नावाने सुरू केली, विमानाच्या एका जुन्या हँगरमध्ये. सुरुवातीला तिथेही फक्त व्यापाऱ्यांनाच प्रवेश होता. सर्वसामान्य नोकरदार सभासद नंतर आले. कॉस्टकोचं पहिलं गोदाम १९८३ मध्ये सिएटलला निघालं आणि १९९३ मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या. त्यांचं गणित असं की मालावर नफा अगदी थोडा ठेवायचा, वस्तू मोजक्या ठेवायच्या, आणि कमाई सभासदाच्या वार्षिक फीमधून करायची. मोठ्या सुपरमार्केटात तीस-तीस हजार प्रकारच्या वस्तू असतात, कॉस्टकोत जेमतेम चार हजार. सप्टेंबर २०२४ पासून साध्या सभासदत्वाची फी वर्षाला ६५ डॉलर आणि वरच्या दर्जाची १३० डॉलर आहे. २०२४ च्या आर्थिक वर्षात नुसत्या फीचे त्यांना सुमारे ४.८ अब्ज डॉलर मिळाले. कंपनीच्या कामकाजी नफ्याच्या निम्म्याहून जास्त रक्कम झाली ही.

आता तुमच्या लक्षात येईल की तिथे परतीच्या काउंटरवर हुज्जत का घालत नाहीत. गिऱ्हाईक पुढच्या वर्षी कार्डाचं नूतनीकरण करतं की नाही, यावर त्यांचं पोट आहे. एक पपईची पेटी परत घेतल्याने त्यांचं फारसं बिघडत नाही, सभासद तुटला तर बिघडतं. नाराज सभासदाला ते अख्खी फीसुद्धा परत करतात.

आपल्याकडे मेट्रो कॅश अँड कॅरीने २००३ मध्ये बेंगळुरूला पहिलं दुकान काढलं. वॉलमार्टचं बेस्ट प्राइस २००९ मध्ये अमृतसरला आलं. पुढे २०२० मध्ये वॉलमार्टचा हा धंदा फ्लिपकार्टकडे गेला आणि २०२३ मध्ये मेट्रोचा भारतातला धंदा रिलायन्सने घेतला. या कंपन्या परदेशी भांडवलावर आल्या आणि होलसेल व्यापारात १०० टक्के परदेशी गुंतवणुकीला मुभा देताना सरकारने अट घातली की विक्री व्यावसायिकांनाच करायची. गिऱ्हाइकाकडे जीएसटीसारखी करनोंदणी हवी, किंवा दुकानाचा परवाना, किंवा फेरीवाल्याचा परवाना, नाहीतर स्वतःच्या वापरासाठी घेणारी नोंदणीकृत संस्था किंवा ट्रस्ट हवा. म्हणून कार्डासाठी फी मागत नाहीत, कागद मागतात. आणि फी नाही म्हटल्यावर परतीचे लाड करायला पैसा येणार कुठून? इथल्या नफ्याचा हिशोब पेट्यांवर आणि कट्ट्यांवर चालतो. रोज माल फिरवणारा दुकानदार डोळ्यांपुढे ठेवून सगळी व्यवस्था केलेली असते. तांदळाचा कट्टा त्याच्याकडे आठ दिवसांत संपतो. तुमच्या घरी तो तीन महिने पुरतो.

आता तुमच्या तांदळाकडे येऊ. पोरकिड्याची मादी अंडं दाण्याच्या आत घालते आणि वरून भोक बुजवते. बाहेरून दाणा चांगला दिसतो, अळी आतच वाढते आणि साधारण महिनाभराने किडा बाहेर पडतो. तेव्हा शिवण न उसवलेल्या कट्ट्यात तीन आठवड्यांत धडधडीत किडे निघाले असतील, तर ती कीड तुमच्या घरात लागलेली नाही. ती गिरणीतून किंवा गोदामातून आली. एवढंच तपासा की कट्टा जुन्या ज्वारीच्या पोत्याला खेटून ठेवला नव्हता ना, आणि शिवणीला कुठे भोक नव्हतं ना. नसेल तर तुमची तक्रार रास्त आहे.

तेलाच्या डब्याचं तसं म्हणता येत नाही. खालच्या कडेला पिचकलेला डबा बहुतेक वेळा रचताना किंवा ट्रॉलीत आदळून पिचकतो, पण गाडीच्या डिकीत अडीचशे किलोमीटर हेलकावे खाऊनही पिचकतो. गेटबाहेर पडल्यावर ते सिद्ध करणं अवघड. म्हणून डबा ट्रॉलीत ठेवण्याआधी आडवा करून तळाची शिवण बोटाने पुसून पाहायची. बोट तेलकट झालं की डबा बाजूला. तसंच थप्पीतला समोरचाच कट्टा उचलायचा नाही. जुना माल आधी जावा म्हणून तो पुढे ठेवतात. दुकानाच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, पण कट्टा तीन महिने पुरवायचा असेल तर मागच्या कट्ट्याची पॅकिंगची तारीख बघा. मागितला तर फ्लोअरवरचा माणूस काढून देतो.

‘खायचा माल परत घेत नाही’ हे वाक्य मात्र चालत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. भिंतीवर पाटी लावली म्हणून कायदा बदलत नाही.

पण याच कायद्यात तुमची अडचणही आहे. पुन्हा विकण्यासाठी किंवा व्यापारी कामासाठी माल घेणारा या कायद्याच्या दृष्टीने ‘ग्राहक’ नाही. स्वतः राबून पोटापाण्याचा धंदा करणाऱ्यासाठी अपवाद आहे, तरी बिल एका किराणा दुकानाच्या नावावर फाटलं असेल तर दुकानाचा वकील पहिला मुद्दा हाच काढेल की हा माल विक्रीसाठी नेला होता, या बाई आमच्या कोण? म्हणजे तांदूळ तुमचा, पैसे तुमचे, कीड तुमच्या डब्यात, आणि तक्रार करायचा हक्क मात्र वादात. उसन्या कार्डाचा हा सगळ्यात मोठा तोटा आहे आणि तो कार्ड देणारा कोणी सांगत नाही, कारण त्यालाही ठाऊक नसतो.

तोटा किराणावाल्याचाही आहे. ती खरेदी त्यांच्या जीएसटी नंबरवर चढते आणि पोर्टलवर त्यांच्या खात्यात दिसते. त्यांनी त्यावरचं टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, घेतलं तर ते चूक, कारण खासगी वापराच्या मालावर जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणे क्रेडिट मिळत नाही. आणि खरेदी दिसते पण विक्रीही नाही आणि साठ्यातही माल नाही, हे तपासणीत विचारलं तर बिचारे काय उत्तर देणार? माणसाने शेजारधर्म म्हणून कार्ड दिलं आणि त्यालाच नोटीस आली, असं होऊ देऊ नका. कार्ड आजच परत करा आणि दोन्ही बिलांच्या प्रती त्यांना द्या, म्हणजे त्यांच्या सीएला हिशोब लावता येईल.

तांदळासाठी एक मार्ग आहे. किराणावाल्यांनाच त्यांच्या ईमेलवरून, बिल नंबर, बॅच नंबर आणि कट्ट्याच्या शिवणीसकट फोटो जोडून दुकानाला लिहायला सांगा. कार्डधारकाची तक्रार आली की प्रकरण कार्डाच्या काउंटरवरून खरेदी विभागाकडे जातं. तिथे गिरणीकडून त्या बॅचची भरपाई वसूल करता येते, त्यामुळे कट्टा बदलून देण्यात दुकानाचं फार जात नाही. मी स्वतः असे कितीतरी कट्टे बदलून दिलेत. तोंडी भांडणाने मात्र एकही बदललेला पाहिला नाही. तोवर तो तांदूळ कडक उन्हात घालू नका, दाणे तडकून कणी होते. चाळून सावलीत पसरा. बोरिक पावडर चोळायचा सल्ला कोणी दिला तर अजिबात ऐकू नका, ती पोटात जायची वस्तू नाही.

आता पैशाचं बोलू. सोलापूर-पुणे जाऊन येऊन पाचशे किलोमीटर. लिटरला पंधराचं ॲव्हरेज धरलं तर पेट्रोलच साडेतीन हजारांच्या घरात जातं, टोल वेगळा, जेवणखाण वेगळं. समजा बारा हजारांचा किराणा घेतला आणि इथल्यापेक्षा आठ टक्के स्वस्त मिळाला, तर वाचले ९६० रुपये. मुलीकडे पुण्याला जायचंच होतं, गाडी रिकामी येणार होती, तर गोष्ट वेगळी. मुद्दाम फेरी मारणं कोणत्याही हिशोबात बसत नाही.

आठ टक्के तरी खरे होते का, तेही बघायला हवं. लेबल नीट न वाचल्याने माणसं सगळ्यात जास्त फसतात ती तेलात. शेजारी शेजारी दोन डबे असतात, एकावर १५ किलो आणि दुसऱ्यावर १५ लिटर. दिसायला जवळजवळ सारखे, दुसरा स्वस्त. पण खाद्यतेल पाण्यापेक्षा हलकं असतं, एक लिटर तेल सुमारे ९१० ग्रॅम भरतं. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात तेल फक्त १३ किलो ६५० ग्रॅम. १५ किलोच्या डब्यात साधारण साडेसोळा लिटर. जवळजवळ दीड लिटरचा फरक आहे, आणि दरातला फरक त्याहून कमी असेल तर ‘स्वस्त’ डबाच महाग पडतो. पाकिटांवर आता प्रति ग्रॅम, प्रति किलो किंवा प्रति लिटर दर छापणं बंधनकारक आहे. बारीक अक्षरात एमआरपीच्या आसपास असतो. पण तो एमआरपीवरून काढलेला असतो, तुम्हाला लागलेल्या भावावरून नाही. म्हणून मोबाईलवर भागाकार करायचा: बिलातला भाव, जीएसटी धरून, भागिले किलो. काही दुकानांत शेल्फवरच्या लेबलवर कराशिवायचा भाव मोठ्या अक्षरात आणि करासहितचा लहान अक्षरात असतो. व्यापाऱ्याला कराशिवायचा भाव लागतो, तुम्हाला करासहितचा.

धान्याच्या कट्ट्यांचंही एक कळलेलं बरं. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पॅकबंद तांदूळ, डाळ, पिठावर ५ टक्के जीएसटी लागला. त्याहून मोठ्या कट्ट्यावर नाही. बाजारात २६ आणि ३० किलोचे कट्टे दिसू लागले ते म्हणूनच. दोन कट्टे सारखेच वाटले तरी त्यांचा भाव किलोवर आणूनच तोला.

खरं तर सोलापूरकराला मोठी खरेदी शिकवायची गरजच नाही. उन्हाळ्यात वर्षाची बेगमी करणं आपल्या घरोघरी चालत आलंय. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी पोत्याने घ्यायची, कडक उन्हात वाळवायची, कडुनिंबाचा पाला आणि बिब्बे घालून कोठीत भरायची. तूर घरची असेल तर डाळ करून एरंडेलाचा हात लावायचा. ही साठवण टिकते, कारण माल त्या हंगामाचा ताजा असतो आणि भरण्याआधी वाळवलेला असतो. गोदामातला पॅकबंद माल कधीचा आहे आणि कुठे कुठे थांबून आलाय हे तुम्हाला माहीत नसतं. म्हणून ज्वारी, गहू, तूरडाळ, मिरची याबाबत आपला मार्केट यार्ड आणि ओळखीचा भुसार दुकानदार या दोघांना तोड नाही. मूठभर दाणे हातात घेऊन, एक दाताखाली फोडून बघता येतो. शिवलेल्या कट्ट्यात ती सोय नाही.

मोठ्या पॅकमध्ये घ्यावं ते न बिघडणारं: कपड्याची पावडर, भांड्याचा साबण, फिनेल, टूथपेस्ट, मीठ, साखर, चहा पावडर हवाबंद डबा असेल तर. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात, जेव्हा पारा ४२-४३ च्या घरात असतो, शेंगदाणे, काजू, बदाम, सुकं खोबरं, मैदा, रवा हे दोन महिन्यांच्या वर भरू नये. शेंगदाण्याला खवट वास यायला लागला की तो भाजून जात नाही, चटणीत उलट जास्त कळतो. हे मी तुमच्या मैत्रिणींसाठीही लिहितोय. आणि चार माणसांच्या घरात केचपचा पाच किलोचा कॅन कधीही आणू नये. उघडला की फ्रीजमध्ये जागा नाही, बाहेर ठेवला तर बुरशी. तो हॉटेलवाल्यासाठी असतो.

तरीही एकत्र खरेदीचा फायदा हवा असेल तर महाराष्ट्रात त्याची जुनी आणि चांगली वाट आहे. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारपाजारच्या कुटुंबांचे गट करून महिन्याचा माल एकत्र मागवायचा आणि आपसात वाटून घ्यायचा, ही पद्धत उभी केली. तुमच्या अपार्टमेंटमध्ये चार-पाच घरं तयार झाली तर एक तेलाचा डबा, एक तांदळाचा कट्टा, एक साखरेचं पोतं एकत्र घ्या. मधला मारुती या आपल्या बाजारपेठेतल्या होलसेल दुकानदारांना एवढी ऑर्डर दिली की बरेच जण टेम्पोने घरपोच पाठवतात, हमाली आधी ठरवून घ्या. बिल एका घराच्या नावाने, रोकड नको, यूपीआयने. माल खराब निघाला तर दुकान अर्ध्या तासावर आहे आणि मालक गल्ल्यावर बसलेला आहे. आणि तुम्ही घरासाठी घेतलेला माल असल्याने कायद्यानेही तुम्ही निःसंशय ग्राहक. वेळ आलीच तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, आणि त्यापुढे सोलापुरात जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही.

आता चटणीची ओळ. ताई, घरच्या किराण्यासाठी कार्ड काढू नका, पण तुमच्या तिघींच्या धंद्यासाठी जरूर काढा. खाण्याचा पदार्थ विकता तेव्हा एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी तशीही हवीच, ती आधी करा. मग दुकाने आणि आस्थापना कायद्याखाली ऑनलाइन सूचना द्या. तुमच्यासारख्या मोजक्या माणसांच्या धंद्याला महाराष्ट्रात २०१७ च्या कायद्याप्रमाणे पूर्ण नोंदणी लागत नाही, सूचनेची पावती मिळते. ती पावती काही दुकानं कार्डासाठी घेतात, काही जीएसटीच मागतात. जाण्याआधी फोन करून विचारा. कार्ड एकीच्या नावावर आणि दुसरी अधिकृत खरेदीदार म्हणून लावून घ्या, म्हणजे एक आजारी पडली तर काम अडत नाही.

तिथून काय घ्यायचं? शेंगदाणे नाही. ते यार्डातूनच, दर पंधरा दिवसांनी, लागतील तेवढे, निवडून. होलसेल दुकानात तुम्हाला खरा फायदा होईल पॅकिंगमध्ये: झिप पाऊच, बरण्या, लेबलचे रोल, हातमोजे, डोक्याच्या टोप्या, टिश्यू. शेंगा चटणीच्या २०० ग्रॅमच्या पाकिटात पाऊच आणि लेबलचा खर्च किती बसतो ते काढून बघा, बहुतेक बायका तो धरतच नाहीत. कडक भाकरीला तर पॅकिंग हाच जीव आहे, जरा दमट हवा लागली की ती मऊ पडते आणि पार्सल परत येतं. हा माल नासत नाही, वर्षाचा एकदम भरला तरी चालतो. एवढ्यासाठी पुण्याची फेरी वर्षातून दोनदा पुरे, आणि तीही जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेआधी आणि दिवाळीआधी, कारण ऑर्डरी तेव्हाच वाढतात. त्या कार्डावर धंद्याचाच माल घ्या, घरचा किराणा नको.